उपाशी पोटी किती धावायचे?

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात सकाळ अशी फारशी नसतेच. पहाट असते आणि मग एकदम दुपार होते. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेला तर आम्हाला त्याची बातमी वाटत नाही. म्हणून या गावात ज्याला चालायचे किंवा पळायचे असेल त्याने पाचच्या आत घराबाहेर पडावे लागते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी तसा पडतो. रामाळा तलावाच्या बाजूने जटपुरा गेटकडे आणि तिथून मूल रस्त्याला, असा माझा ठरलेला मार्ग आहे.

त्या वेळी रस्त्यावर दोन प्रकारची माणसे धावताना दिसतात. एक आमच्यासारखी. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले डॉक्टर, प्राध्यापक, वीज केंद्रातले आणि कोळसा खाणीतले इंजिनिअर, माझ्यासारखे पेन्शनर. पायात चांगले बूट, मनगटावर ठोके मोजणारे घड्याळ. दुसरी म्हणजे एकोणीस-वीस ते पंचवीस वयाची मुले आणि मुली. कुणी पोलीस भरतीच्या तयारीला लागलेले, कुणी वनरक्षकाच्या. खेड्यातून येऊन चौघा-पाचांत एक खोली भाड्याने घेऊन राहिलेली ही मुले पहाटे रस्त्यावर येतात. त्यांचे बूट बहुधा पुढून उसवलेले असतात, पण पाय आमच्यापेक्षा कितीतरी हलके पडतात.

या दोन्ही प्रकारच्या माणसांत एक साम्य आहे, आणि ते माझ्या फार उशिरा लक्षात आले. दोघेही उपाशी पोटी धावत असतात. आमच्यातल्या अनेकांनी तसे ठरवलेले असते. त्या मुलांना मात्र कोणी विचारलेलेही नसते. आजचा हा लेख या दोन उपासांविषयी आहे.

आधी आमच्या उपासाविषयी सांगतो, कारण त्यात मी स्वतः पुरता बुडालो होतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत मराठी घरांत जेवणावर जितकी चर्चा झाली तितकी क्वचितच पूर्वी झाली असेल. तिची सुरुवात आमच्या विदर्भातूनच झाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. काटोलचे डॉ. श्रीकांत जिचकार अनेक पदव्यांसाठी आणि राजकारणासाठी प्रसिद्ध होते. वारंवार खाल्ल्याने शरीरात वारंवार इन्सुलिन स्रवते आणि वजन व मधुमेह यांचे मूळ तिथे आहे, हा विचार ते व्याख्यानांतून मांडत. २००४ साली अपघातात त्यांचा अंत झाला. पुढे लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो विचार स्वतःवर करून पाहिला आणि गावोगावी नेला. दिवसातून दोनदाच जेवायचे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवायचे आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. नियम सोपा, खर्च शून्य. २०१८ च्या सुमारास तर लग्नाच्या पंगतीतही 'आपण दीक्षित की दिवेकर?' असे विचारले जाऊ लागले, कारण दुसरीकडे ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने घरचेच, पण खात राहा असे सांगत होत्या.

इथे एक गंमत नमूद केली पाहिजे. आहार बदलून आजाराशी झुंजण्याची महाराष्ट्रातली एक गाजलेली गोष्ट गडचिरोलीचीच आहे. डॉ. अभय बंग यांना १९९५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. त्यावेळी ते पंचेचाळिशीचेही नव्हते. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात त्यांनी पुढचा सगळा प्रवास लिहिला आहे. त्यांचा मार्ग कोणता होता? शाकाहार, तेल-तूप जवळजवळ बंद, चालणे, योगासने आणि ध्यान. म्हणजे आज ज्याला कीटो म्हणतात त्याच्या नेमके उलट. वाचकांच्या एका पिढीने ते पुस्तक वाचून तुपाचा डबा वरच्या फळीवर ठेवला, आणि पुढच्या पिढीने कीटोच्या नावाने तोच डबा खाली काढला. दोन्ही पिढ्यांत वजन उतरलेली माणसे मी पाहिली आहेत. यावरून मी एवढेच समजलो की माणूस जेवणाकडे लक्ष देऊ लागला आणि चालू लागला, की निम्मे काम तिथेच होते.

कीटो आहार हा शब्द नवा वाटला तरी गोष्ट शंभर वर्षांची आहे. अपस्माराच्या म्हणजे फेफऱ्याच्या रोग्यांना उपाशी ठेवले की झटके कमी होतात, हे डॉक्टरांच्या ध्यानात आले होते. पण माणसाला किती दिवस उपाशी ठेवणार? १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी सुचवले की पिष्टमय पदार्थ जवळजवळ काढून टाकून स्निग्ध पदार्थ वाढवले, तर जेवत असतानाही शरीराला उपासासारखीच स्थिती आणता येईल. यकृत चरबीपासून कीटोन नावाची द्रव्ये तयार करते आणि मेंदू साखरेऐवजी बऱ्याच अंशी त्यांवर चालतो. अपस्माराच्या काही मुलांसाठी हा आहार आजही डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरतात. वजन उतरवण्यासाठी त्याचा बोलबाला पुष्कळ नंतर झाला. त्यात दिवसाला साधारण वीस ते पन्नास ग्रॅमच पिष्ट चालते. म्हणजे ज्वारीची एक भाकरी मोडली की दिवसाचा हिशेब बहुतेक संपला.

मी २०२१ च्या पावसाळ्यात हा आहार सुरू केला. रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आली होती आणि पोट पँटच्या पट्ट्यावरून बाहेर डोकावत होते. भात, पोळी, बटाटा, फळे बंद. अंडी, पनीर, तूप, भुईमूग, पालेभाज्या सुरू. त्यात भर म्हणून रात्री आठ ते दुपारी बारा असा सोळा तासांचा उपास. तीन महिन्यांत सात किलो वजन उतरले, साखर खाली आली. मी हे लपवणार नाही. ज्या गोष्टीने फायदा झाला तिला नंतर नावे ठेवणे हा कृतघ्नपणा होईल. मी जेव्हा केवळ चालत होतो, सावकाश पळत होतो, तेव्हा मला काहीही त्रास झाला नाही. उलट अंग हलके वाटे.

मग हाव सुटली. आमच्या गटातल्या एकाने सांगितले की एकदा शरीर चरबीवर चालायला शिकले की लांब पल्ल्याच्या धावण्याला सीमाच नाही. मला ते पटले, आणि का पटले ते सांगतो. आयुष्यभर बँकेत काढल्यामुळे मी प्रत्येक गोष्ट खात्यांत मांडून पाहतो. शरीरात दोन खाती आहेत. एक चालू खाते, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, ज्याला ग्लायकोजेन म्हणतात. त्यात फार तर दीड-दोन हजार किलोकॅलरी असतात. दुसरी मुदत ठेव, म्हणजे चरबी. दहा किलो चरबी अंगावर असलेल्या माणसाच्या नावावर सत्तर-पंचाहत्तर हजार किलोकॅलरी जमा असतात. साठ किलोचा माणूस एक किलोमीटर धावला की साधारण साठ किलोकॅलरी खर्च होतात. बेचाळीस किलोमीटरच्या मॅरेथॉनला अडीच हजार लागतात. धावताना चरबीही थोडी थोडी वापरली जाते, पण वेग वाढेल तसा चालू खात्यावरचा भार वाढत जातो. म्हणून तीस-बत्तीस किलोमीटरच्या आसपास अनेक धावपटूंच्या अंगातले बळ एकाएकी सरते. मग मुदत ठेवीतूनच खर्च भागवला तर? कागदावर हिशेब बिनतोड होता.

पण मुदत ठेव मोडताना काय होते, हे ज्याने काउंटरवर तीस वर्षे पाहिले त्याने तरी हे विसरायला नको होते. पैसे मिळतात, पण वेळ लागतो आणि काही वजावट होते. शरीराचेही तसेच आहे. तेवढीच शक्ती साखरेऐवजी चरबीतून काढायची तर सहा-सात टक्के अधिक प्राणवायू लागतो. रमतगमत चालणाऱ्याला हे जाणवत नाही. ज्याचा श्वास आधीच पणाला लागलेला आहे, त्याला मात्र ते लगेच जाणवते.

या विषयावर संशोधन झाले आहे. १९८३ साली अमेरिकेत स्टीफन फिनी यांनी पाच कसलेल्या सायकलपटूंना चार आठवडे कीटो आहारावर ठेवले. मध्यम वेगाने थकेपर्यंत सायकल चालवण्याचा त्यांचा सरासरी वेळ घटला नाही. कीटोचे समर्थक हा प्रयोग नेहमी सांगतात. पण पाच जणांत एकाचा वेळ खूपच वाढला होता, म्हणून सरासरी सावरली, हे सहसा सांगत नाहीत. पुढे २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लुईस बर्क यांनी ऑलिंपिक दर्जाच्या वेगवान चालपटूंवर प्रयोग केला. तीन आठवड्यांच्या कसून सरावानंतर पिष्टमय आहार घेणाऱ्यांचा दहा किलोमीटरचा वेळ सुधारला. कीटो आहारावर असलेल्यांनी चरबी विक्रमी प्रमाणात जाळली, पण त्यांचा वेळ सुधारला नाही. सराव सारखाच, घाम सारखाच, आणि पदरात काही नाही.

दुसरी बाजूही आहे. दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स यांनी धावण्यावर जाडजूड ग्रंथ लिहून एका पिढीला पिष्टमय खाण्याचा सल्ला दिला होता. पुढे स्वतःला मधुमेह झाल्यावर त्यांनी तो सल्ला जाहीरपणे मागे घेतला आणि ते कमी पिष्टाचे पुरस्कर्ते झाले. मधुमेहाच्या वाटेवर असलेल्या, आयुष्याची उतरण लागलेल्या माणसासाठी त्यांचे म्हणणे विचारात घेण्यासारखे आहे. पण केनियाचे जगज्जेते धावपटू मक्याच्या पिठाचा उगाली खातात. त्यांच्या रोजच्या आहारात सुमारे तीन चतुर्थांश वाटा पिष्टमय पदार्थांचा असतो, असे अभ्यासांत दिसले आहे. मेक्सिकोतले डोंगरदऱ्यांतून शंभर-शंभर किलोमीटर धावणारे ताराहुमारा आदिवासी भाजलेल्या मक्याचे पीठ पाण्यात कालवून पितात. जगात जे लोक पिढ्यान्‌पिढ्या लांब धावत आले त्यांच्या शिदोरीत धान्यच सापडते.

हे सगळे मी नंतर वाचले. आधी मी पडलो.

ऑक्टोबरचे शेवटचे दिवस होते. एकवीस किलोमीटर, आणि तेही सोळा तासांच्या उपासावर, असा माझा बेत. लोहाऱ्याच्या पुढे जाऊन परत फिरलो होतो. पंधरा किलोमीटरपर्यंत सगळे ठीक. मग पायांत गोळे येऊ लागले. बाटलीतले पाणी प्यायलो, तरी डोके हलके होत गेले. सतराव्या किलोमीटरला रस्त्याकडेची झाडे एकदम पांढरी दिसू लागली आणि मी एका पुलाच्या कठड्यावर कसाबसा टेकलो. धान कापणीला निघालेल्या तीन-चार बाया तिथून जात होत्या. त्यांतली एक वयस्क बाई थांबली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "काई खाल्लं नाई वाटते जी भाऊनं." तिने डब्याच्या झाकणात आंबील ओतून माझ्या हातात दिली. आंबट, खारट आणि घट्ट. मी तीन झाकणे प्यायलो. दहा-पंधरा मिनिटांत झाडे पुन्हा हिरवी झाली. तिच्या दुपारच्या जेवणातला निम्मा भाग मी संपवला होता. मी पैसे पुढे केले तेव्हा ती ओशाळली आणि निघून गेली.

माझे नेमके काय झाले ते एका डॉक्टर मित्राने नंतर समजावले. पिष्ट कमी केले की इन्सुलिन उतरते आणि मूत्रपिंडे मीठ व पाणी अधिक बाहेर टाकू लागतात. पहिल्या काही दिवसांत झपाट्याने उतरणारे वजन बरेचसे या पाण्याचेच असते. त्यावर उपास, म्हणजे मीठ पोटात जाण्याची वाट बंद. त्यावर आमच्या गावचा घाम. आणि त्यावर मी नुसते पाणी पीत राहिलो, त्यामुळे उरलेसुरले मीठ आणखी पातळ झाले. कीटो, उपास आणि लांब धावणे या तिन्ही गोष्टी सुट्या सुट्या सोसण्यासारख्या असतील. तिन्हींनी मिळून एकाच दिवशी एकाच खात्यावर धनादेश काढले, तर तो परत येणारच.

माझे निभावले. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचे थोडक्यात निभावले. तो मधुमेही. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या, नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्यांपैकी एक तो घेत होता. आमचे पाहून त्यानेही डॉक्टरांना न विचारता कीटो आणि उपास सुरू केला आणि पहाटे दहा-दहा किलोमीटर जाऊ लागला. एका आठवड्यात मळमळ, उलट्या, धाप. घरच्या यंत्रावर साखर १८० च्या आसपास, म्हणून कोणी फारसे मनावर घेतले नाही. रुग्णालयात कळले की रक्तात कीटोनचे आम्ल भयंकर साचले आहे. या गोळ्या घेणाऱ्यांना साखर फार न वाढताही असे होऊ शकते आणि उपास, कमी पिष्ट व अतिश्रम यांनी तो धोका वाढतो. या गोळ्या आता स्वस्त झाल्या आहेत आणि घरोघरी आहेत. म्हणून मुद्दाम लिहितो : ज्यांच्या घरी मधुमेहाची औषधे आहेत त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय असा कोणताही प्रयोग करू नये. औषधांची यादी दाखवून विचारावे. त्याला पाच मिनिटे लागतात.

कोणी म्हणेल, उपास तर आपल्या परंपरेतच आहे. आहे ना. माझ्या आईने चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार असे पन्नास वर्षे उपास केले. पण 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हणही त्याच परंपरेतली. साबूदाण्याच्या खिचडीत पिष्टाशिवाय दुसरे फारसे काय असते? आणि जे खरोखर निरंकार उपास करत, ते त्या दिवशी काय करत? देवापुढे बसत, पोथी वाचत, अंगमेहनतीची कामे शक्यतो टाळत. वारकऱ्यांकडे पाहा. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. वाटेतली एकादशी पाळली जाते, फराळ होतो. पण एरवी दिंडीत दोन्ही वेळा पंगती बसतात आणि गावोगावचे लोक पिठले-भाकरी घेऊन उभे असतात. इतकी वर्षे इतकी माणसे चालवणाऱ्या या व्यवस्थेने चालणाऱ्याला खाऊ घालणे हेच पुण्य मानले आहे. चालणाऱ्याला उपाशी ठेवणे हे तिला कधी सुचले नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी अहेरी भागात नोकरीला होतो. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा होऊन, म्हणजे १९८२ नंतर, फार वर्षे झाली नव्हती. पावसाळ्यात नद्यांना पूर आला की पलीकडची गावे महिनोन्‌महिने तुटत. कर्जाच्या कामासाठी लोक वीस-पंचवीस किलोमीटर चालत शाखेत येत आणि त्याच दिवशी परत निघत. आजच्या भाषेत ते सगळे लांब पल्ल्याचे खेळाडूच. त्यांच्या खांद्याला वाळक्या भोपळ्याचा तुंबा असे आणि त्यात पेज किंवा आंबील. वाटेत दोनदा-तीनदा ती प्यायची आणि पुढे चालायचे. पाणी, मीठ आणि पिष्ट एकाच भांड्यात. खेळाडूंसाठी विकल्या जाणाऱ्या रंगीत बाटल्यांत याहून निराळे काय असते? तेव्हा ते मला दारिद्र्याचे लक्षण वाटले होते. दारिद्र्य होतेच. पण त्यात चालण्याची अक्कलही होती, हे कळायला मला पुलाच्या कठड्यावर बसावे लागले.

आता दुसऱ्या उपासाकडे येतो.

भरतीच्या तयारीतली एक मुलगी मला रोज भेटते. गाव गडचिरोली जिल्ह्यातले. वडिलांची दोन एकर धानाची शेती, आई तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात जाते. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर आणि मुलांना १६०० मीटर धावावे लागते. वनरक्षकासाठी मुलींना तीन आणि मुलांना पाच किलोमीटर धावणे, आणि पुढे चार तासांत मुलींना सोळा, मुलांना पंचवीस किलोमीटर चालणे. ही दोन्हींची तयारी करते. पहाटे आठ-दहा किलोमीटर पळते, मग अभ्यासिकेत जाते. एकदा ती पोट धरून रस्त्याकडेला बसली होती. मी विचारले, "काही खाऊन निघालीस का गं?"

"नाही जी काका. खोलीवर सकाळी चहाच होते. खाल्लं का पळता येत नाही म्हणतात पोरी."

"आणि रात्री?"

"रात्री भात होता ना. थोडा."

मग तिने मला उलट विचारले, "काका, तुम्ही लोकं बी उपाशीच पळता ना? तुमचे ते सर सांगत होते, उपाशी पळलं का चरबी जळते. आम्हाले बी तसंच जमन ना?"

मला काय उत्तर द्यावे कळेना. तिच्या अंगावर जाळायला चरबी होतीच कुठे? आमच्या गटातला कोणी सुखवस्तू माणूस सहज बोलून गेला होता, आणि ते वाक्य या मुलींच्या खोलीत जाऊन शास्त्र झाले होते. माझी खरी तक्रार इथे आहे. आमच्या पोटाचा उपाय त्यांच्या पोटाला लावला जात आहे. ज्याच्या नावावर मोठी मुदत ठेव आहे त्याने थोडी मोडली तर बिघडत नाही. जिच्या दोन्ही खात्यांत खडखडाट आहे, तिला ठेव मोडण्याचा सल्ला देणे हा अपराध आहे. अशा वेळी शरीर स्नायू मोडून खर्च भागवते. मुलींची पाळी अनियमित होते, हाडे कमकुवत होतात. महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. मुळात रक्तच कमी, आणि त्यातून प्राणवायू वाहायचा आहे.

याहून गंभीर गोष्ट सिकलसेलची. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. ज्यांना आई आणि वडील दोघांकडून तो दोष मिळतो ते रुग्ण. त्यांच्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, अडकतात आणि असह्य वेदना होतात. एकाकडूनच मिळाला तर तो वाहक. वाहक बहुधा धडधाकट असतो आणि त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसते. पण उष्णता, शरीरातले पाणी कमी होणे आणि एकदम अतिश्रम हे एकत्र आले की वाहकालाही धोका असतो. अमेरिकेत सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहकांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले नाही, ही दिलाशाची बाब. कारण तिथे पाणी, विश्रांती आणि हळूहळू वाढवलेला सराव यांचे नियम होते. तरीही श्रमाने स्नायू विरघळण्याचा, आणि त्यातून मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका वाहकांत दीडपट निघाला. आपल्याकडे भरतीच्या रस्त्यावर असे नियम कोणी घालून दिले आहेत? २०२४ साली झारखंडमध्ये दहा किलोमीटर धावण्याच्या भरती चाचणीत दहाहून अधिक तरुण गेले. कारणे निरनिराळी सांगितली गेली. पण ऑगस्टची दमट हवा, रात्रभरचे जागरण आणि रिकामे पोट या गोष्टी आपल्या मुलांनाही परक्या नाहीत.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. मी उपासाच्या विरुद्ध नाही आणि धावण्याच्या तर नाहीच. पोट सुटलेल्या, बैठ्या माणसाने दोनदा जेवावे, भात-साखर आवरावी आणि रोज पाऊण तास चालावे. बहुतेकांना त्याने बरे वाटेल. पण लांब धावायचे असेल त्या दिवशी खावे, आणि उपास असेल त्या दिवशी सावकाश चालावे. दोन्ही व्रते एकाच दिवशी करू नयेत. ज्यांना हौसेने कीटोवर मॅरेथॉन करायची आहे त्यांनी ती डॉक्टरांना विचारून, मीठपाणी सोबत ठेवून, स्वतःच्या जबाबदारीवर करावी आणि तिचा प्रचार रस्त्यावर करू नये. आपले बोलणे कोणाच्या कानावर पडते आहे, याचे भान ठेवावे.

आणि भरतीच्या मुलांसाठी समाजाला फार काही करावे लागणार नाही. सिकलसेलची प्राथमिक तपासणी सरकारी दवाखान्यात होते. २०२३ पासून तर केंद्राची मोहीमच सुरू आहे. प्रत्येक अभ्यासिकेने, प्रत्येक अकादमीने ही आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घेतल्याशिवाय सराव सुरू करू नये. वाहक निघालेल्या मुलाला घाबरवू नये, त्याला अपात्रही समजू नये. त्याला एवढेच शिकवावे की सराव हळूहळू वाढव, पाणी पी, दुखले की थांब. दुसरे, पळण्याआधी एक केळे किंवा गूळ, आणि पळून आल्यावर भिजवलेले चणे आणि पेज. शहरातल्या धावण्याच्या मंडळांकडे स्पर्धांचे बनियन आणि पदके वाटायला पैसे असतात. त्यांतून रोज पन्नास मुलांची पेज सहज निघेल.

आमच्या गटाने गेल्या हिवाळ्यापासून हे सुरू केले आहे. वीस-पंचवीस मुले-मुली येतात. एका सभासदाच्या घरून मोठ्या पातेल्यात तांदळाची पेज येते, मीठ घातलेली, सोबत चणे. त्या मुलीची तपासणी झाली. ती वाहक निघाली. दोन दिवस ती आली नाही. मग आली आणि म्हणाली, "काका, बाबाची बी तपासणी केली. त्याइलेबी तेच हाये. अन् ते तर जिंदगीभर नांगर धरत आले." तिने आता सरावाच्या वेळा बदलल्या आहेत, कडक उन्हात पळत नाही. बाटलीत लिंबू-मीठ-गुळाचे पाणी असते. गेल्या भरतीत तिची निवड थोडक्यात हुकली. पुढच्या भरतीची ती वाट पाहते आहे.

मीही अजून पळतो, पण दहा किलोमीटरच्या पुढे जात नाही. भात पुन्हा खातो, अर्धी वाटी. वजन दोन किलोंनी वाढले आहे आणि साखर जागेवर आहे. पेजेच्या पातेल्याजवळ उभा राहून मीही एक पेला पितो. मूल रस्त्यावर धान कापणीच्या दिवसांत बायांचे घोळके दिसले की मी त्या आंबीलवाल्या बाईला शोधतो. अजून ती दिसली नाही.